शिवेचे तांदूळ

आमच्या गुंद गावात विमानातून प्रवास करून त्याबद्दल बोलणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे माझी वैनी अनुसया. त्यामुळे विमान ह्या विषयावर गावात तिचाच शब्द अखेरचा. विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत, जेवण ताटात नव्हे तर डबीच्या झाकणात देतात, आणि पोटात गोळा येतो तो उतरताना, चढताना नाही, एवढं ज्ञान आता आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही आहे. मी जोयडा ते गुंद जीप चालवतो. वैनी जीपमध्ये असली की पुढच्या सीटवर बसते, आणि मागं बसलेला माणूस विमानाची गोष्ट ऐकल्याशिवाय उतरत नाही. गोष्टीचं वेगळं भाडं मी लावत नाही, ही माझी समाजसेवा.

वैनी मूळची रामनगरची. तिचे वडील रामचंद्रमामा यांचं तिथं स्टँडला लागून किराणा दुकान. माणसं खानापूरकडची, तोलूनमापून बोलणारी. ही एकच मुलगी तशी निघाली नाही. ती लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हा आमच्या घरात बोलण्याचा दुष्काळ होता. आमचे अप्पा, लखू त्यांचं नाव, कुठल्याही गोष्टीला 'व्हय' म्हणतात. गोठा पेटलाय म्हणून सांगितलं तरी आधी 'व्हय' म्हणतील आणि मग कळशी शोधतील. माझा थोरला भाऊ यशवंत दांडेलीत फिटर होता. यंत्रांशी बोलून उरलं तर माणसांशी बोलायचा. आणि आमची आई गिरजा, ती तर शब्द भातासारखे कणगीत भरून ठेवायची.

आईबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. आई कामाला वाघ. आपल्या शेतातल्या भातावर तिचा असा जीव, की मूठभर तांदूळ हातात घेऊन ते वरच्या खाचरातले की ओहोळाकडच्या, हे ती सांगायची आणि चुकायची नाही. पण तिची दुसरी एक गोष्ट गावाला जास्त ठाऊक होती. ती कुणाचं तान्हं मूल मांडीवर घेत नसे. बारशाला जायची, पाळण्याची दोरी ओढायची, तीसुद्धा हात लांब करून. कुणी कौतुकानं पोर पुढं केलं की 'हात खरकटं हायत' म्हणून आत निघून जायची. अख्ख्या गावात इतके खरकटे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

आम्हा दोघा भावांच्या पाठीवर तिला एक मुलगी झाली होती. मी तेव्हा पाचेक वर्षांचा असेन. पोरगी रांगायला लागली होती. तिला ताप भरला, आई तिला घेऊन लाकडाच्या लॉरीतून दांडेलीला निघाली, आणि कुळगीच्या पुढं वाटेतच पोर गेली. आईनं त्या दिवसाबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. तेव्हा तिच्या वतीनं बोलायचं काम केशरकाकीनं आपणहून अंगावर घेतलं.

केशरकाकी आमची शेजारीण. गावच्या रीतीभातींचा सगळा कारभार तिच्याकडं. तिला कुणी नेमलं, हे विचारायची सोय नाही. आमच्या भागात तान्हं मूल पहिल्यांदा शिवेपार न्यायचं किंवा आणायचं झालं, की प्रत्येक शिवेवर चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि तिथल्या राखणदाराला सांगायचं, 'लेकरू पावणं हाय, वाट दे.' काकीचं म्हणणं असं, की गिरजानं त्या दिवशी घाईत एक शीव चुकवली आणि राखणदार कोपला. कुठली शीव चुकवली, ते काकी सांगत नसे, कारण ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण चुकवली ह्याबद्दल तिची इतकी खात्री होती, की हळूहळू सगळ्या गावाची झाली.

अठ्ठ्याऐंशी साली दादाला नायजेरियात एका कागदाच्या कारखान्यात नोकरी लागली. नायजेरिया कुठं आहे, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. काकीच्या मते मुंबईच्या थोडं पुढं. दादा-वैनी निघायच्या दिवशी अर्धा गाव माझ्या जीपभोवती जमला. त्यातले निम्मे फुकट जोयड्यापर्यंत यायला बसले, तो भाग वेगळा. आई सगळ्यांच्या शेवटी घरातून आली. तिच्या हातात जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली तांदळाची पुरचुंडी होती. ती तिनं वैनीच्या ओटीत टाकली, 'लेकरासाठी हाय' एवढंच म्हणाली आणि वळून गोठ्यात गेली.

लेकराचा तर अजून पत्ता नव्हता. वैनी पुरचुंडीकडं बघत राहिली. काकी तिथं होतीच, ती कधी नसते?

"अगं, शिवेचं तांदूळ ते!" काकी म्हणाली. "लेकरू घेऊन येशील तवा परत्येक शिवेवर ठेवायचं. तिची एक चुकली, तुजी चुकू नये म्हून दिल्यात."

सगळ्यांना ते लगेच पटलं. अप्पा 'व्हय' म्हणाले. वैनीनं पुरचुंडी कनवटीला खोवली आणि जीपमध्ये चढता चढता मला हळूच विचारलं, "भावजी, समद्या शिवा भरल्या तर आत्ती माजं लेकरू घेतील न्हवं मांडीवर?"

आत्ती म्हणजे सासू. मी म्हटलं, "घेईल की." मला बोलायला काय जातंय? पण वैनीनं ते मनावर घेतलं. तिची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली होती. तिच्या पोराला आजी म्हणून मिळणार होती ती ही एकच, आणि तीही खरकट्या हातांची.

तिकडं वर्षभरानं वैनीला मुलगी झाली. कागदावर तिचं नाव सुशीला, पण सगळे बाय म्हणायचे. सहाव्या महिन्यातच वैनीचं दूध आटलं आणि पोर डब्याच्या दुधावर आली. शेजारणी म्हणाल्या, आता भात भरव. वैनी ऐकेना. पहिला घास गुंदात, आजी-आजोबांच्या समोर. तोवर डबा. असं करत नव्वदच्या एप्रिलात, बाय आठ महिन्यांची असताना, गावी यायचं ठरलं आणि नेमकी दादाला रजा नाकारली गेली. तिकीट निघालं होतं. वैनी म्हणाली, मी एकटी जाते.

प्रवासाची सगळी तयारी दादानं केली, असं दादा सांगतो. म्हणजे दुधाची पावडर, थर्मास, जुन्या साडीचे लंगोट, बाळगुटीची सहाण हे सगळं वैनीनं भरलं आणि दादानं पिशवीची चेन ओढून बघितली. वर एक भलामोठा टेपरेकॉर्डर दिला, कारण परदेशातून आलेल्या माणसाच्या हातात टेपरेकॉर्डर नसला तर आमच्या लोकांचा परदेशावर विश्वास बसत नाही. तर एका खांद्यावर पोर, दुसऱ्या खांद्यावर टेपरेकॉर्डर आणि कनवटीला पुरचुंडी, अशी वैनी लागोसला विमानात चढली. अदीस अबाबा नावाच्या गावी विमान बदलायचं आणि मग थेट मुंबई. पुरचुंडीतल्या तांदळांना तोवर दोन वर्षं झाली होती. त्यात किडे झाले होते. तेही विमानानं आले, आणि बिनतिकिटाचे.

विमान वर चढलं आणि बायनं सूर लावला. पोरांचे कान दुखतात म्हणे. कुणी म्हणालं साखर चाटवा, कुणी म्हणालं उलटी धरा, एका बाईनं स्वतःच्या पर्समधून कसलंसं तेल काढून बायच्या टाळूवर थापलं आणि अर्ध्या विमानाला शिंका सुरू झाल्या. विमानात डॉक्टर एकही नव्हता, उपचार मात्र प्रत्येकाकडं होता. वैनीनं ओले लंगोट समोरच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले. त्या खुर्चीतले गृहस्थ पुढं पूर्ण प्रवासात पाठ टेकून बसले नाहीत.

शेजारी पुण्याचे एक साहेब होते, तिकडं यंत्रं विकायला जाऊन येणारे. त्यांनी आधी कानांत कापूस घातला, मग मान वळवली, मग डोळे मिटले. तिन्हींचा उपयोग होईना तेव्हा माणुसकी दाखवली.

"काही हवंय का, बाई?"

"एवडंच सांगा, खाली आता कुटला देश हाय?"

"अजून नायजेरियाच असेल. का हो?"

"आनि शीव कवा येनार?"

साहेबांना हे उमजायला वेळ लागला. उमजल्यावर ते हसले आणि समजुतीनं म्हणाले, "अहो बाई, आकाशात सीमा नसतात."

"मग पासपोर्ट कशाला बगत्यात?" वैनीनं विचारलं.

साहेबांनी कापूस परत घातला.

मग वैनीनं हवाई सुंदरीला गाठलं. वैनीचं इंग्रजी दहावीपुरतं, त्यातही परीक्षेच्या दिवसापुरतं. ती खाली बोट दाखवून 'कंट्री? कंट्री?' म्हणत राहिली. सुंदरीनं आधी पाणी आणलं, मग उशी, मग उलटीची पिशवी. शेवटी साहेबांनीच कापूस काढून सगळा प्रकार इंग्रजीत सांगितला, आणि तोही अशा चेहऱ्यानं, की ह्या बाईशी आपली ओळख नाही. साहेबांना वाटलं सुंदरी हसेल. ती उंच आफ्रिकन पोरगी हसली नाही. तिच्या गावाकडंही असलं काहीतरी असणार. ती सरळ पायलटकडं गेली आणि विचारून आली. तिथून पुढं प्रत्येक शिवेला ती वैनीपाशी यायची आणि कानाशी वाकून सांगायची, "मॅडम, कॅमेरून." थोड्या वेळानं, "मॅडम, सुदान." वैनी पुरचुंडी सोडायची, चिमूटभर तांदूळ खुर्चीखाली ठेवायची आणि म्हणायची, "लेकरू पावणं हाय, वाट दे." गाठ सुटली की बाय तेवढी गप्प व्हायची, कारण तिला किडे पळताना बघायला आवडायचं. वैनीनं तो राखणदाराचा कौल धरला.

खालच्या राखणदारापर्यंत ते दाणे पोचले कसे, असं मी वैनीला एकदा विचारलं होतं. "तुमची जीप गुंदाला पोचती तसं, उशिरा," असं उत्तर मिळालं. नंतर मी चौकशी केली नाही.

अदीस अबाबाला पुढचं विमान आलंच नाही. कुणाला विचारावं तर जो तो घड्याळाकडं बोट दाखवायचा. अख्खा दिवस बाकड्यावर गेला, थर्मास रिकामा झाला आणि दुधाचा डबा तळाला लागला. पुण्याचे साहेबही त्याच बाकड्यावर अडकले होते. कंटाळलेला माणूस काहीही शिकतो. दुसऱ्या विमानात बसेपर्यंत साहेब स्वतःच नकाशा उघडून शिवा मोजायला लागले होते. समुद्रावर आल्यावर तर त्यांनी वैनीला व्याख्यानच दिलं, की किनाऱ्यापासून अमुक मैल पाणी त्या देशाचं आणि त्यापुढचं कुणाचंच नाही. वैनी म्हणाली, "कुनाचंच न्हाई असं कसं? पान्याला पन कोन तरी असतोयच की." आणि तिनं समुद्राला दोन चिमटी जास्त टाकल्या. विमान झाडणाऱ्याच्या सुपात त्या दिवशी अर्ध्या जगाचा नैवेद्य गोळा झाला असणार.

मुंबईला विमानतळाच्या बाहेर मी उभा होतो. आधी टेपरेकॉर्डर दिसला, मग बाय, मग वैनी. बायचं नाक थेट आमच्या आईचं. मी काका म्हणून हात पुढं केले आणि तिनं अशी किंकाळी फोडली, की दोन हमाल माझ्याकडं संशयानं बघायला लागले. डबा संपला होता. मी धावत जाऊन नवा आणला. तो बायला मानवला नाही, सगळा माझ्या शर्टावर आला. शर्ट नवा होता, विमानतळासाठी म्हणून शिवलेला.

बेळगावच्या बसमध्ये पोर रडून रडून दमली आणि झोपली. वैनीनं मला पुरचुंडी दाखवली. तळाशी एक मूठ उरली होती. ती गुंदच्या शिवेसाठी. मधल्या जिल्ह्या-तालुक्यांच्या शिवा तिनं सोडून दिल्या, कारण त्या सरकारी, त्यांना राखणदार नसतो. फक्त दोन राज्यांमधल्या शिवेला तिनं टाकायचं ठरवलं. आता ती शीव नेमकी कुठं, ह्यावर दोन्हीकडच्या लोकांचं इतक्या वर्षांत एकमत झालेलं नाही, तिथं वैनीचं काय व्हावं? तिनं मला विचारलं, मी कंडक्टरला विचारलं, आणि मागच्या दोघा प्रवाशांचं त्यावरून भांडण लागलं. शेवटी तिनं थोडे अलीकडं टाकले, थोडे पलीकडं. मूठ अजून लहान झाली.

निपाणीच्या पुढं, तवंदीच्या घाटात, उजाडता उजाडता बस बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बिडी पेटवली, म्हणजे काम मोठं होतं. बाय उठली. काल दुपारपासून तिच्या पोटात काही टिकलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती. तिथं चूल पेटली होती, आधण उकळत होतं, पण दूधवाला आला नव्हता. खायला बिस्किटं होती, ती कडक. बाय आधी रडली, मग तिचा आवाज बसला, आणि मग ती नुसतीच तोंड उघडं टाकून हुंदके द्यायला लागली. ओठ सुकले होते. गंमत सगळी तिथं संपली. मला भीती वाटली, स्पष्टच सांगतो. रांगणाऱ्या एका पोरीला घेऊन वाटेत अडकलेली बाई आमच्या घरात आधी एक होऊन गेली होती.

वैनीनं कनवटीची पुरचुंडी काढली आणि हातात धरून उभी राहिली. तिच्याकडं बघवत नव्हतं. सगळ्या देशांच्या शिवा भरत ती आली होती ती एवढ्यासाठीच, की शेवटच्या शिवेवर ही मूठ ठेवायची आणि सासूच्या मांडीवर पोर द्यायची.

"वैनी, काय बगताय?" मी म्हटलं.

"आत्ती घेनार न्हाईत हिला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी, आणि तोवर हात गाठ सोडायला लागले होते. तिनं एकेक किडा वेचून काढला. टपरीवाल्यानं पातेलं दिलं, मीठ दिलं. पेज शिजली, तिनं ती बोटांनी कुस्करली आणि तिथंच, डिझेलच्या वासात, बायचं उष्टावण झालं. ना पाट, ना औक्षण. पोरीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली, ढेकर दिली आणि बस सुरू होऊन घाट उतरेपर्यंत झोपली.

रामनगरला मामांनी दुकानातून उठून नातीला घेतलं, टेपरेकॉर्डर वाजवून बघितला आणि हकिगत ऐकून लगेच तराजू ओढला. "एवडंच न्हवं? चांगला बासमती देतो."

मीही म्हटलं, "घ्या वैनी. कोन बगायला येतंय?"

"तुमची आई बगंल," वैनी म्हणाली. "दाना हातात घेऊन शेत सांगत्यात त्या. आनि मी लबाडी करून पोर मांडीवर देऊ व्हय?"

मामांनी तराजू परत ढकलला. जोयड्याला माझी जीप उभी होती, तिथून पुढं गुंद. त्या अख्ख्या वाटेत वैनी एक अक्षर बोलली नाही. मला इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला आणि बरंच काही बिघडलंय हे कळलं.

गुंदच्या शिवेवर ओहोळ आहे, उन्हाळ्यात कोरडा. पलीकडं ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. तिथं सारा गाव जमला होता. केशरकाकी सगळ्यांत पुढं, ओवाळणीचं ताट घेऊन. अप्पा धुतलेलं धोतर नेसून. आणि आई मागं, झाडाला टेकून, दोन्ही हात पाठीशी.

वैनीनं मला ओहोळाच्या अलीकडंच थांबायला सांगितलं. ती पोर घेऊन उतरली आणि तिथंच उभी राहिली.

"ठेव गं तांदूळ, आनि ये," काकी ओरडली.

"तांदूळ न्हाईत."

"न्हाईत? सांडलंस व्हय?"

"न्हाई. बायनं खाल्लं. भुकेनं पोर कासावीस झालती, मी पेज केली." मग तिनं काकीच्या डोक्यावरून थेट आईकडं बघितलं. "आत्ती, समद्या देशांच्या शिवा भरल्या मी. समुद्राची पन भरली. आपलीच तेवडी ऱ्हायली. चुकलं असंल तर मला बोला, पर बायला..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. वैनीचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी आयुष्यात तेव्हाच ऐकलं.

गावात कुजबुज सुरू झाली. काकीचा चेहरा उजळला. असा प्रसंग काही रोज येत नाही. "आता पोर आत आनायची न्हाई," ती म्हणाली. "आज जोयड्याला ऱ्हावा. उद्या गुरवाला इचारू, कोंबडा सांगंल, नारळ सांगंल..."

"कुटल्या शिवा?" आईनं विचारलं.

ती झाडापासून पुढं आली होती. ओहोळाच्या काठाशी उभी होती.

"देशांच्या," वैनी म्हणाली. "तुमी दिल्यालं तांदूळ ठेवत आले न्हवं का."

"मी शिवेला दिलं न्हवतं." आई म्हणाली. "लेकरासाठी हाय म्हटलं व्हतं न्हवं? कुटं का जन्मंना, पयला घास आपल्या शेताचा पडावा म्हून दिलं. तुला कोन बोललं शिवेवर टाक म्हून?"

सगळ्यांनी काकीकडं बघितलं. काकी ताटातली वात नीट करायला लागली.

"जगभर पेरत आलीस व्हय गं माजं तांदूळ?" आई म्हणाली. आणि मग तिनं इतक्या वर्षांत न काढलेला विषय काढला, तोही सगळ्या गावासमोर. "केशर, मी त्या दिवशी एक पन शीव चुकवली न्हाई. लॉरी थांबवून थांबवून ठेवलं. डायवर शिव्या द्याया लागला तरी ठेवलं. कुळगीला तांदूळ सपलं. पोरीसाठी डब्यात पेज घेतली व्हती, ती शिवेवर वतली. म्हटलं, राखनदाराला आदी, दांडेलीत दूद मिळंल. पोर हाताकडं बगत व्हती माज्या. उपाशी गेली ती."

अप्पासुद्धा 'व्हय' म्हणाले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

आई ओहोळात उतरली आणि शीव ओलांडून अलीकडं आली. वैनीसमोर उभी राहिली.

"पोटभर खाल्लं?"

"वाटी चाटली."

"किडं काडलं व्हतंस?"

"एकेक."

आईनं हात पदराला पुसले. स्वच्छच होते. तरी तिनं पुन्हा पुसले, आणि बायला घेतलं.

आजीच्या हातात जाताच पोर गप्प झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. बाय किंचाळली. दोन खंड आणि एक समुद्र ओलांडताना तिनं जेवढा आवाज काढला नव्हता तेवढा काढला. आईला त्याचं काही वाटलं नाही. ती तशीच रडतं पोर घेऊन जीपमध्ये चढली, पुढच्या, वैनीच्या नेहमीच्या सीटवर बसली आणि तिनं बायला मांडीवर नीट आडवं केलं. हे तिला अजून येत होतं.

काकी ओहोळापलीकडून म्हणाली, "गिरजा, निदान चिमूटभर तरी ठेव. माज्या घरातनं आनून देते."

"परशू," आई मला म्हणाली, "गाडी काड. शिवेवर थांबू नगंस."

"व्हय," अप्पा म्हणाले.

मी गाडी काढली.